नदीच्या तोंडचे पाणी

नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळते, हे आपण सारे जाणतो. पण ती समुद्राला मिळते कशी, ते पुष्कळांनी पाहिलेले नसते. घाटावरच्या माणसाला वाटते, पाटाचे पाणी जसे वाफ्यात पडते तसे नदीचे पाणी समुद्रात पडत असेल. तसे नाही. समुद्र रोज दोनदा फुगतो आणि दोनदा ओसरतो. फुगतो त्याला भरती म्हणतात, ओसरतो त्याला ओहोटी. भरतीच्या वेळी खारे पाणी नदीच्या तोंडातून आत शिरते आणि कोस दोन कोस, कुठे कुठे दहा-वीस कोस वर चढते. ओहोटीला ते मागे फिरते. वरून नदीचे गोडे पाणी येतच असते. खाऱ्याची आणि गोड्याची जिथे गाठ पडते, त्या जागेला खाडी म्हणतात. तिथले पाणी धड खारे नाही, धड गोडे नाही. ते मचूळ असते.

हे मचूळ पाणी तोंडात घेतले तर आपण थुंकून टाकू. पण माशांना ते फार मानवते. बोय मासा, कोळंबी, चिंबोरी अशा कितीतरी जीवांची पिले खाडीत वाढतात. नदी वरून गाळ आणते, त्यात त्यांचे खाणे असते. काठाला तिवराची झाडे असतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात लहान पिलू लपले की मोठा मासा त्याला धरू शकत नाही. खाडी ही माशांची बालवाडीच म्हणा ना. पिले तिथे मोठी होतात आणि मग समुद्रात जातात. म्हणून ज्याची जाळी दर्यात पडतात, त्याचे पोटही खाडीवर चालते.

आता एक गोष्ट ध्यानात धरा. खाडीला नुसते पाणी पुरत नाही. गोडे पाणी किती आले आणि कोणत्या महिन्यात आले, यावर तिचे सारे अवलंबून असते. पावसाळ्यात गोडे वाढावे, उन्हाळ्यात खारे वाढावे, असा तिचा वर्षाचा फेरा असतो. नदीवर धरण बांधले की हा फेरा मोडतो. मग काय होते, आणि मोडलेला फेरा माणसाला पुन्हा बसवता येतो का? हे समजायला आपण आफ्रिकेतल्या एका नदीची हकीगत पाहू. इतक्या लांब जायचे कारण एवढेच, की तिथे नुकसान झाले, लोकांनी ते दुरुस्त करून पाहिले, आणि काय साधले, काय नाही, ते मोजून लिहून ठेवले.

भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर उठून जवळ जा. आफ्रिका खंडाचा पश्चिमेकडे एक मोठा फुगवटा दिसेल. तिथे सेनेगल नावाचा देश आहे आणि त्याच नावाची नदी आहे. नदी सुमारे १,८०० किलोमीटर लांब. गिनी देशाच्या डोंगरात ती जन्मते, माली देशातून वाहते. पुढे तिच्या एका काठाला मॉरिटानिया आणि दुसऱ्या काठाला सेनेगल, अशी ती दोन देशांची शीव होते. सेंट लुई या जुन्या शहराजवळ ती अटलांटिक महासागराला मिळते.

हा मुलूख कोरडा. उत्तरेला सहारा वाळवंट लागूनच आहे. नदीच्या तोंडाशी पाऊस अगदी थोडा. पण दूर गिनीच्या डोंगरात आपल्यासारखाच पावसाळा असतो. तो पाऊस नदीत उतरतो आणि पूर होऊन खाली येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पूर तोंडापाशी पोचायचा आणि सपाट जमिनीवर पसरायचा. वरच्या भागात पूर ओसरला की लोक ओल्या गाळात ज्वारी पेरत. आपल्याकडे जमिनीच्या ओलीवर रब्बी पिकते, तसेच ते. तोंडापाशी पुराच्या पाण्यात मासे अंडी घालत, गवत माजे, गुरांना चारा होई. बाभळीची रानेच्या राने होती. होय, आपलीच बाभूळ! तिथे एक चिवट गवत उगवते. बायका ते कापून, कातड्याच्या वाद्यांनी विणून चटया करतात. कातडे कमवायला बाभळीच्या शेंगा वापरतात. म्हणजे पूर आला तर गवत, पूर आला तर बाभूळ, आणि दोन्ही असली तर चटई. त्या चटईच्या पैशावर घर चाले.

पूर सरला की उन्हाळ्यात नदी क्षीण होई आणि समुद्राचे खारे पाणी आत चढे. मुलूख इतका सपाट, की कधी कधी ते २०० किलोमीटर आत जाई. मग नदीचे पाणी शेताला चालत नसे, पिण्याला चालत नसे.

१९७० च्या सुमाराला त्या मुलुखात मोठा दुष्काळ पडला. तो वर्षानुवर्षे हटेना. गुरे मेली, माणसे देशोधडीला लागली. तेव्हा माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी १९७२ साली मिळून एक मंडळ नेमले आणि दोन धरणे बांधायचे ठरवले. पहिले धरण दियामा. ते सेंट लुईच्या थोडे वर, १९८६ साली पुरे झाले. त्याचे काम खारे पाणी अडवणे. दुसरे मनांताली. ते खूप वर, माली देशात, १९८८ साली पुरे झाले. त्याचे काम पावसाळ्याचे पाणी साठवणे, ते वर्षभर सोडणे आणि वीज करणे. दोन्ही मिळून सव्वानऊ लाख एकर जमीन भिजवण्याचा बेत होता.

या बेताला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याने दुष्काळ पाहिला आहे तो नावे ठेवणार नाही. धरणांमुळे शहरांना पिण्याचे पाणी मिळाले, भातशेती वाढली, वीज आली. एवढे मान्य करूनच पुढे वाचा.

दियामाच्या वर पाणी उंच राहावे म्हणून नदीकाठाने लांबच लांब बांध घातला. त्या बांधाने पुराची जमीन नदीपासून तुटली. पावसाळ्यात धरणाची दारे उघडत, पण ते पाणी नदीच्या पात्रातून सरळ समुद्रात जाई. बाजूच्या जमिनीला थेंब मिळत नसे. उन्हाळ्यात तर दारे बंदच. मॉरिटानियाच्या बाजूचा खाडीचा सखल भाग उन्हात तापू लागला. पाणी आटले, मीठ राहिले. ओढ्यांचे पाणी समुद्राहूनही खारट झाले. बाभळी उभ्या वाळल्या. तिवर मरू लागले. चटईचे गवत नाहीसे झाले. माशांच्या पिलांना ठाव उरला नाही. जमिनीवर पांढरा खार फुटला आणि लोक गाव सोडून मजुरीला शहरांकडे चालू लागले.

धरणाच्या खाली ही दशा. बरे, वर तरी सारे चांगले झाले का? तिथे उलटाच प्रकार झाला. तिथले पाणी बारा महिने गोडे आणि स्थिर राहू लागले. पूर्वी उन्हाळ्यात खारे पाणी येई, तेव्हा पाणकणीस मरून जाई. पाणकणीस म्हणजे डबक्यात उगवणारे ते उंच लव्हाळे, कणसासारखा तपकिरी तुरा असलेले. आता खारे पाणी येईना. मग पाणकणीस असे माजले की पाट बुजले, होड्या अडल्या, गुरांना पाण्यापर्यंत जाता येईना. भाताची नासाडी करणाऱ्या पाखरांना त्यात बसायला जागा झाली.

आणि रोग आला. गोड्या संथ पाण्यात एक लहान गोगलगाय राहते. तिच्या अंगात एक कृमी वाढतो. तो पाण्यात सुटतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. माणसाला पोटाचे दुखणे लागते, शौचातून रक्त जाते, पोरे खंगतात. माणसाने पाण्याकाठी शौच केले की कृमीची अंडी पुन्हा पाण्यात, पुन्हा गोगलगायीत. १९८८ साली रिशार-तोल या साखर कारखान्याच्या गावी पोटाच्या या रोगाचे रोगी सापडले आणि थोड्या वर्षांत तो भोवताली पसरला. खारे पाणी शेतकऱ्याला शत्रू वाटत होते. पण तेच खारे पाणी वर्षातून एकदा येऊन गोगलगायी आणि पाणकणीस आवरत होते, हे ते थांबल्यावर कळले.

आपल्याकडे याच्या उलट एक गोष्ट आहे, ती जाता जाता सांगतो. कोयना ही कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी पूर्वेच्या समुद्राला जायचे. तिच्यावर धरण बांधून ते पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवले. १९६२ पासून पोफळीला त्यावर वीज होते. वीज झाली की ते पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून, दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे सेनेगलच्या खाडीचे गोडे पाणी तुटले, तर वाशिष्ठीत दुसऱ्या नदीचे गोडे पाणी येऊन पडले. तुटले काय आणि जादा आले काय, खाडीचा हिशेब दोन्हीकडे बदलतो.

आता दुरुस्तीची हकीगत ऐका. मला तीच अधिक मोलाची वाटते.

१९९१ साली मॉरिटानिया सरकारने त्या उजाड भागात दियावलिंग नावाचे राष्ट्रीय उद्यान ठरवले. सुमारे ४० हजार एकर जमीन. उद्यान म्हटले की आपण बिचकतो, आणि ते चुकीचे नाही. कुंपण येते, पहारेकरी येतो, गुरे बाहेर आणि माणसेही बाहेर. पण या उद्यानाच्या कायद्यातच एक वेगळी गोष्ट लिहिली होती. तिथल्या लोकांची मासेमारी, गुरे चारणे, गवत कापणे हे जुने धंदे चालावेत, वाढावेत, हाही उद्यानाचा हेतू आहे, असे त्यात म्हटले होते.

मग काम काय केले? धरण पाडले नाही. नदीकाठच्या बांधाला दारे बसवली. आपल्या कोकणात खार जमिनीच्या बांधाला उघाडी असते. गोव्यात तिला मानस म्हणतात. भरती आली की तिचे दार पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर सोडते. सेनेगलच्या बांधातली दारे त्याच जातीची, पण ती माणूस उघडतो आणि माणूस मिटतो. धरणामुळे नदीचे पाणी बांधाला टेकून उंच उभे होतेच. दार उघडले की ते आपल्या ओघाने आत येई. पंप नको, तेल नको. आतल्या सखल जमिनीभोवती बुटके बांध घातले, म्हणजे पाणी हवे तितके दिवस थांबवता येईल आणि मग खाडीकडे सोडता येईल. १९९४ पासून अशा रीतीने पूर सोडू लागले. माणसाने केलेला पूर, म्हणा.

दार बसवणे सोपे. दार कधी उघडायचे, हे खरे कोडे. इथे शास्त्रज्ञ आले, त्यांनी जमिनीचे चढउतार मोजले, पाण्याचा खारटपणा मोजला. पण नुसत्या मोजमापाने भागले नाही. पूर्वीचा पूर कधी येई, कुठवर चढे, किती दिवस राही, हे पुस्तकात कुठे होते? ते म्हाताऱ्या कोळ्यांना ठाऊक होते, गुराख्यांना ठाऊक होते, चटया विणणाऱ्या बायकांना ठाऊक होते. म्हणून गावोगावी बसून विचारले. कोळी म्हणे, पाणी लवकर सोडा, म्हणजे मासे आत चढून अंडी घालतील आणि पिले मोठी होऊन खाडीत उतरतील. चटईवालीला हवे, की गवताच्या मुळाशी पाणी पुरेसे दिवस थांबावे. गुराख्याला हवे, की पाणी वेळेवर उतरावे आणि चारा मोकळा व्हावा. भाजी लावणाऱ्याला विहिरीला गोडा पाझर हवा. सगळ्यांना सगळे देणे शक्य नव्हते. पाणी जास्त दिवस ठेवले तर पाणकणीस माजते, कमी ठेवले तर गवत सुकते. हिशेब करकरून एक वेळापत्रक बसवले. पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी सोडायला सुरुवात करायची, ते एकदम न सोडता हळूहळू चढवायचे, पावसाळा संपल्यावर हळूहळू उतरू द्यायचे. हळूहळू का? रोप पाण्याबरोबर वाढते. पाणी त्याच्या डोक्यावरून एकदम गेले तर ते बुडून कुजते. भात लावणाऱ्याला हे सांगायला नको.

आणखी एक बारीक गोष्ट. खाडीच्या बाजूला खारे पाणी पुरते तोडायचे नाही, हेही ठरले. भरती-ओहोटी तिथे चालू ठेवायची. वरून गोडे, खालून खारे, मधे मचूळ. खाडीला खाडीच राहू द्यायचे, तिचे तळे करायचे नाही.

फळ किती आले? १९९२ साली त्या भागात वर्षाला हजार किलोसुद्धा मासळी निघत नव्हती. १९९८ साली १ लाख १३ हजार किलो निघाली. पाणपक्षी २ हजार मोजले होते, ते ३५ हजारांच्या वर गेले. चटईचे गवत परत आले. बायका पुन्हा विणायला बसल्या. बाभळीची रोपे दिसू लागली. तिवर सावरले. हे सारे सहा वर्षांत. मेलेली वाटणारी जमीन इतक्या लवकर उठली, कारण बी आणि मुळे मातीत कुठेतरी होतीच. त्यांना वेळेवर पाणी मिळाले इतकेच.

गोगलगायींचीही एक गोष्ट सांगतो. त्या नदीत एक मोठी कोळंबी असते, ती गोगलगायी खाते. ती राहते गोड्या पाण्यात, पण तिची पिले मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. म्हणून मादी अंडी घेऊन खाडीपर्यंत उतरे आणि पिले वाढली की नदीतून वर चढत. दियामा धरणाने तिची वाट बंद केली. वर कोळंबी संपली आणि गोगलगायींना खाणारे कोणी उरले नाही. शास्त्रज्ञांनी लांपसार नावाच्या गावी गावकऱ्यांच्या पाणवठ्यावर जाळे लावून त्यात कोळंबी सोडून पाहिली. २०१५ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. जिथे कोळंबी सोडली तिथे रोगट गोगलगायी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्या. औषध दोन्ही गावांना दिले होते, पण कोळंबीच्या गावातल्या माणसांच्या अंगातून पडणाऱ्या कृमीच्या अंड्यांचे प्रमाण शेजारच्या गावाच्या जवळजवळ निम्मे राहिले. रोगाला औषध आहेच, ते घ्यावेच. पण औषध घेऊन माणूस त्याच पाण्यात उतरला की रोग फिरून लागतो. तिथे कोळंबी उपयोगी पडते. आणि मोठी झाली की ती विकताही येते!

सगळेच असे गोड झाले नाही. सेंट लुई शहर आणि समुद्र यांच्या मधे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी आहे. मनांताली धरण एकाच उपनदीवर आहे, बाकीच्या नद्यांचा पूर ते अडवू शकत नाही. २००३ साली मोठा पूर आला आणि शहरात पाणी चढू लागले. पुराला लवकर वाट मिळावी म्हणून ऑक्टोबर महिन्यात त्या वाळूच्या पट्टीतून एक चर खणला. चर फक्त ४ मीटर रुंद होता. आपल्या गल्लीएवढा म्हणा. शहराचे पाणी उतरले खरे. पण समुद्राला ती वाट सापडली. थोड्याच दिवसांत चर २०० मीटरच्या वर गेला आणि पुढे काही वर्षांत किलोमीटरांनी रुंद झाला. नदीचे तोंडच नव्या जागी गेले. भरती जोराने आत येऊ लागली. दक्षिणेच्या गांदिओल भागातल्या भाजीच्या विहिरी आणि मळे खारावले. दून बाबा दिएय नावाचे गाव लाटांनी खाल्ले. चर खणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पाणी दाराशी होते. पण दियावलिंगला दार उघडण्याआधी वर्षे खर्चून मोजमाप केले, लोकांना विचारले. इथे घाईत कुदळ मारली.

पाणकणीस आजही पुरते हटलेले नाही. कापावे तर पुन्हा फुटते. आणि वरच्या धरणाशी ओढाताण चालूच असते. वीजघराला बारा महिने सारखे पाणी सोडणे सोयीचे. ज्वारीच्या शेतकऱ्याला आणि खाडीला पावसाळ्यात एकदम भरघोस पूर हवा. तेच पाणी, दोन मागण्या. २००२ साली त्या तीन देशांनी नदीच्या पाण्याचा एक करार केला. पाणी असेल त्या वर्षी धरणातून पूर सोडावा, हे त्यात लेखी घातले. २००६ साली गिनीही मंडळात आला. दुष्काळी वर्षी मनांतालीत पाणी कमी असले की वीज कापायची का पूर कापायचा, याचा वाद पुन्हा निघतो, आणि ठरेपर्यंत खाली कोळी, गुराखी आणि चटईवाल्या बायका बांधाच्या दारांकडे बघत असतात.